स्वस्त एअर रायफल सुधारताना: आधी दस्ता, मग चाप

नवी स्वस्त एअर रायफल घरी आली की पहिली तक्रार चापाची होते. जड आहे, खरखरतो, कधी सुटेल याचा अंदाज येत नाही. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन चापाचे स्क्रू पिळायला सुरुवात होते. माझं मत याच्या उलट आहे. पैसे आणि वेळ दोन्ही आधी दस्त्यावर, म्हणजे रायफल ज्याने धरतो आणि खांद्याला लावतो त्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या भागावर घाला, चापाला त्यानंतर हात लावा. गाल टेकायला जागा नसेल तर मान ताठते, मान ताठली की मूठ आवळली जाते आणि आवळलेल्या मुठीत दीड किलोच्या ओढीने सुटणारा चापही तीन किलोचा वाटतो. दस्ता अंगाला बसला की चापात खरोखर दोष किती आणि आपल्या धरण्यात किती, हे वेगळं दिसायला लागतं.

कोकणात याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते आणि लाकूड फुगतं. तुळशीच्या लग्नानंतर हवा कोरडी होते तसं ते आक्रसतं. मृगात घट्ट केलेला स्क्रू माघात सैल सापडतो आणि माणूस दोष देतो नळीला नाहीतर चापाला.

आधी कायद्याचं

हा लेख ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ इंच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या), नळी मोडून स्प्रिंग चढवायच्या एअर रायफलबद्दल आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या एअर गनला परवाना लागत नाही. म्हणून ‘जास्त ताकदीची’ स्प्रिंग बसवायच्या फंदात पडू नका. मर्यादा ओलांडली तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा प्रश्न उभा राहतो, शिवाय धक्का वाढून नेम बिघडतो तो वेगळाच.

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बंदूक घरात असेल तर तिच्या चापाला, नळीला किंवा खटक्याला घरी हात लावू नका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदूकदुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे ती परवानाधारक कारागिराकडेच गेली पाहिजे. गावातला वेल्डर कितीही हुशार असो, हे काम त्याचं नव्हे.

शिकारीचा विषय आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संपवला आहे. माकडं केळी-नारळाची किती नासाडी करतात ते बागायतदाराला सांगायला नको, आणि तो राग मला समजतो. पण छर्‍याने माकड जायबंदी करणं गुन्हा आहे आणि क्रूरही आहे. जखम चिघळते, प्राणी दिवसेंदिवस तडफडतो. पुढे लिहिलेलं सगळं कागदाच्या लक्ष्यासाठी आहे.

सुरुवात मोजमापाने

काही उघडण्याआधी रायफल आज काय करते ते कागदावर उतरवून घ्या. खळ्यात किंवा लांब पडवीत १० मीटर अंतर सहज मिळतं. लक्ष्यामागे चिऱ्याची भिंत किंवा गडगा नको. कठीण पृष्ठभागावरून छर्रा उलटा येतो आणि डोळ्याला लागला तर डोळा जातो. लाकडी खोक्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या गच्च कोंबा, मागे जाड प्लायवूड लावा, नाहीतर वाळूने भरलेली गोणी ठेवा. डोळ्यावर चष्मा हवाच. लक्ष्यामागून पायवाट जात नाही ना, पोरं आणि गुरं त्या बाजूला येत नाहीत ना, हे पाहून मगच बसा.

सपाट डोक्याचे छर्रे घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि मोजायला सोपं जातं. टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, पिशवीवर तुमचा तळहात आणि तळहातावर रायफल. दस्ता थेट पिशवीवर टेकवला तर स्प्रिंगची रायफल नेम सोडते. पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे जाते, पिस्टन टोकाला आदळला की ती पुढे झटकते, आणि हे दोन्ही धक्के छर्रा अजून नळीत असतानाच सुरू होतात. म्हणून तिला सैल आणि दर वेळी एकाच जागी धरायचं. पाच-पाच छर्‍यांचे तीन गट झाडा, प्रत्येक गटातल्या सर्वांत दूरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर लिहा, कागद तारीख घालून जपून ठेवा. यापुढे एका वेळी एकच बदल करायचा आणि त्यानंतर पुन्हा तीन गट. दोन बदल एकदम केलेत तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, कळायला मार्ग राहत नाही.

स्क्रू आणि त्यांच्या बैठका

बहुतेक स्वस्त रायफलींना पुढच्या बाजूने आडवे दोन स्क्रू असतात आणि चापाच्या कडीपाशी एक किंवा दोन. हे स्क्रू सैल असताना चांगला नेमबाजही गट जमवू शकत नाही. नळी बंद, स्प्रिंग उतरलेली, छर्रा नाही याची खात्री करून एकेक स्क्रू काढा. आटे पेट्रोलने पुसून कोरडे करा, निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावा. लाल घेऊ नका, तो पुन्हा सुटता सुटत नाही. पुढचे दोन स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, मग कडीचा. हाताने घट्ट झाल्यावर आणखी पाव वळसा पुरे. त्याहून जास्त आवळलं तर डोक्याखालचं लाकूड चेपतं. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यावर जाईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. इतकं साधं काम आहे, पण पुष्कळ रायफलींचा निम्मा आजार इथेच बरा होतो.

लाकूड आधीच चेपलेलं असेल तर स्क्रूच्या भोकात पितळी नळीचा तुकडा बसवा. बाहेरचा व्यास भोकापेक्षा किंचित मोठा घ्या, तेवढं भोक ड्रिलने वाढवा, नळी बरोबर लाकडाच्या जाडीइतकी कापा आणि ॲराल्डाइटने चिकटवा. मग स्क्रूचा दाब पितळेवर येतो, लाकूड फुगलं-आक्रसलं तरी दाब बदलत नाही. आपल्या हवेत याहून उपयोगी सुधारणा मला माहीत नाही. ॲराल्डाइटचं काम कोरड्या दिवसांत करा, कारण पावसाळी दमट हवेत ते नीट सुकत नाही. दस्ता सागाचा असेल तर चिकटवण्याआधी ती जागा थिनरने पुसा. सागात स्वतःचं तेल असतं आणि त्यावर गोंद धरत नाही.

दस्ता अंगाला बसवणं

पहिलं माप लांबीचं. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पडलं पाहिजे. मोठ्या माणसाला चापापासून बुडापर्यंत साधारण ३४ ते ३६ सेंटिमीटर लागतात, ठेंगण्या माणसाला थोडे कमी. दस्ता आखूड असेल तर बुडाची रबरी पट्टी काढून मध्ये मरीन प्लायचे तुकडे घाला आणि तेवढे लांब स्क्रू वापरा. होडीच्या कामाला जातो तो हाच प्लाय, किनाऱ्यावर कुठल्याही बंदराच्या गावी मिळतो आणि पाण्याने सुटत नाही. आधी सहा मिलिमीटरचा तुकडा घालून आठवडाभर वापरा, लागलं तर दुसरा घाला. लांब दस्ता कापायचा असेल तर घाई करू नका, कापलेलं परत येत नाही. कापायच्या रेषेवर चिकटपट्टी गुंडाळा, बारीक दात्यांची करवत घ्या, म्हणजे कडेची कपची उडत नाही.

दुसरं माप गालाचं, आणि यात सगळ्यांत जास्त फरक पडतो. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल जिथे आपसूक टेकेल तिथे टेकवा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकाची माशी आणि मागची नेमाची खाच एका रेषेत, किंवा दुर्बीण असेल तर तिचं पूर्ण गोल चित्र समोर दिसलं पाहिजे. बहुतेक स्वस्त दस्ते उघड्या नेमासाठी घडवलेले असतात, त्यावर दुर्बीण चढवली की गाल हवेत राहतो. चपलांसाठी वापरतात त्या रबरी फोमचे पातळ थर एकावर एक ठेवून कापडी पट्टीने बांधा. रोज थोडा नेम धरून पाहा, एखादा थर काढा, एखादा घाला. उंची पक्की झाली की त्याच मापाचा लाकडी उंचवटा करून घ्या आणि दोन स्क्रूंनी बसवा. गालाखालची कड गोल घासलेली हवी, नाहीतर धक्क्यासरशी गालाचं हाड दुखतं.

दस्त्याची मूठ जाड असेल तर कानस आणि पॉलिश पेपरने थोडी थोडी उतरवा, पण मुठीच्या मानेचा भाग जपा. दस्ता मोडतो तो तिथेच. बारीक असेल तर एम-सीलची गादी चढवून, ओली असतानाच हाताचा ठसा उमटवून, सुकल्यावर घासा. प्लास्टिकचा पोकळ दस्ता असेल तर आत फोमचे तुकडे दाबून भरा, पोकळ टणत्कार जातो. फुगणारा स्प्रे फोम मात्र नको, तो फुगताना दस्त्याला तडा देऊ शकतो.

नवा दस्ता करून घ्यायचा असेल तर

चांगला सुतार कोकणात अजून गावोगाव आहे, आणि लाकडी खेळण्यांच्या सावंतवाडीत, चितारआळीत, लाकडाला गोलाई देणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहेत. जुना दस्ता नमुना म्हणून द्या. लाकूड मात्र तुम्ही निवडा. जगभर बंदुकीला अक्रोड वापरतात. आपल्याकडे साग स्थिर राहतो, वजनाला बेताचा असतो, पाण्याला दाद देत नाही. शिसव देखणं पण जड, दुर्बिणीसकट रायफल उभ्याने धरायची असेल तर हात भरून येतात. शिवण हलकी आणि शांत, पोरांच्या रायफलीला उत्तम. फणसाचं लाकूड मला सगळ्यांत आवडतं. जुन्या घराच्या वाशांतलं, वर्षानुवर्षं सुकलेलं फणसाचं फळकूट मिळालं तर ते सोडू नका. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, पण त्याला कीड लवकर लागते, ते घेऊ नका. ओलं लाकूड कोणत्याही झाडाचं असो, ते वळणारच.

फळी आखताना तिचे तंतू मुठीच्या मानेतून लांबीच्या दिशेने गेले पाहिजेत. तिथे तंतू आडवे आले तर पहिल्याच पडण्यात दस्ता दोन तुकडे होतो. सुताराला हे स्वतः दाखवा, रेघ ओढून द्या. तो टेबल-खुर्चीचा हिशेब करतो, बंदुकीच्या धक्क्याचा नाही.

लाकडाला पाणी लागू न देणं

कारखान्यातून आलेला दस्ता बाहेरून चकचकीत आणि आतून उघडा असतो. यंत्र बसतं ती खोबण, स्क्रूची भोकं आणि रबरी पट्टीखालचं आडवं कापलेलं बूड, या तीन ठिकाणांहून दमट हवा आत शिरते. तिथे पॉलियुरेथेन वार्निशचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. बाहेरून अळशीचं तेल चोळायला हरकत नाही, पण उकळलेलं घ्या. कच्चं तेल महिनोन्‌महिने सुकत नाही आणि श्रावणात त्यावर बुरशी चढते. तेल चोळलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी चाल किनाऱ्यावर आहे आणि लाकूड त्याने टिकतं हे खरं. पण दस्त्यावर गाल टेकतो. त्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. दस्त्याला ते कधीही लावू नका.

आता चाप

दस्ता बसला, गट पुन्हा मोजले. आता चापाचं वजन काढा. बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या, जाड दोऱ्याचा फास चापाच्या मध्यावर अडकवा. रायफल छर्रा भरून, लक्ष्याकडे तोंड करून पिशवीवर आडवी ठेवा, दुसऱ्या माणसाला दस्ता दाबून धरायला सांगा आणि दोरी सरळ मागे ओढा. छर्‍याशिवाय चाप ओढू नका. समोर छर्रा नसेल तर पिस्टनसमोर हवेची गादी तयार होत नाही, तो थेट लोखंडावर आदळतो आणि स्प्रिंग व सील दोन्ही जातात. पाच वेळा माप घ्या. आकडा अडीच-तीन किलोच्या आसपास आला तर तो स्वस्त रायफलीत नेहमीचाच समजा. वजनाइतकंच पाहायचं ते पाचही आकडे एकमेकांजवळ आहेत का. दोन किलोचा, पण दर वेळी दोन किलोलाच सुटणारा चाप मी दीड ते अडीचमध्ये हिंदकळणाऱ्या चापापेक्षा केव्हाही पसंत करीन.

चापात घडतं ते असं: पिस्टनच्या खाचेत एक खटका अडकलेला असतो, कारागीर त्याला सिअर म्हणतात. चाप ओढला की तो खाचेतून सरकतो आणि पिस्टन सुटतो. किती लांब सरकायचं आणि किती घर्षण सोसायचं, यावर चापाचा स्वभाव ठरतो.

पहिलं काम साफसफाईचं. दस्ता उतरवा, चापाची जोडणी बाहेरूनच दिसते. कारखान्याचं चिकट ग्रीस आणि लाकडाचा भुसा ब्रशने आणि थोड्या पेट्रोलने काढा. पेट्रोल पिस्टनच्या नळकांड्यात जाऊ देऊ नका. कोरडं झाल्यावर पिना आणि एकमेकांवर घासणाऱ्या जागांवर मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस काडीच्या टोकाने लावा, तेही नखभर. अनेक चापांची खरखर एवढ्यानेच जाते.

दुसरं काम स्क्रूचं. तुमच्या रायफलीचं माहितीपत्रक पाहा. काहींमध्ये एकच स्क्रू असतो, काहींमध्ये दोन: एक पहिल्या टप्प्याची सैल चाल ठरवतो, दुसरा सुटण्याचा क्षण. एका वेळी पाव वळसा फिरवा आणि प्रत्येक वेळी तपासा. दुसऱ्या टप्प्याचा स्क्रू जास्त फिरला तर खटका खाचेत केसभरच अडकतो. अशी रायफल नळी बंद करताना सुटू शकते, किंवा नळी उघडी असतानाच पिस्टन सुटून नळी झटक्याने वर येते आणि बोटं चिरडते. म्हणून सवय पक्की करा: स्प्रिंग चढवल्यावर छर्रा भरून नळी बंद होईपर्यंत एका हाताने नळी घट्ट धरलेलीच हवी. दुसरा हात चापाजवळही नको.

प्रत्येक फेरबदलानंतर धक्क्याची परीक्षा घ्या. छर्रा भरा, सेफ्टी काढा, तोंड लक्ष्याच्या खोक्याकडे ठेवा आणि चापाला न शिवता दस्त्याच्या बाजूंवर आणि बुडावर रबरी हातोडीने टकटक करा. एकदाही सुटली तर स्क्रू अर्धा वळसा मागे घ्या आणि परीक्षा पहिल्यापासून. मग सेफ्टी लावून चाप ओढून पाहा, ती सुटता कामा नये. कागदावर नेम धरायला एक ते दीड किलोचा चाप या रायफलीला भरपूर आहे. स्पर्धेच्या १० मीटर रायफलींचे चाप यापेक्षा कितीतरी हलके असतात, पण त्यांची जोडणी वेगळी आणि पोलाद वेगळं. त्यांची नक्कल इथे करू नका.

खटका पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचा सल्ला ऐकू नका. त्याचा फक्त वरचा पातळ थर कठीण केलेला असतो. तो घासला गेला की खालचं मऊ लोखंड झिजत जातं आणि चाप महिन्या-दोन महिन्यांत हलका होत होत धोकादायक होतो. कोन गोल झाला तर तो भाग बदलावाच लागतो. पिस्टनची स्प्रिंग घरी उघडायचा मोहही टाळा, दाबलेली स्प्रिंग दाबयंत्राशिवाय सोडली तर बंदुकीपेक्षा जास्त इजा करते. चापाचं पातं अरुंद असेल तर रुंद धातूचं पातं बसवा. वजन तेच राहतं, पण बोटावर दाब पसरल्यामुळे चाप हलका भासतो. तुमच्या रायफलीसाठी कंपनीच तयार दोन-टप्पी चाप विकत असेल तर घरच्या प्रयोगापेक्षा तो घेणं बरं.

खाऱ्या हवेत ठेवण

समुद्राकाठच्या घरात लोखंडावर एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. हाताळून झाल्यावर घामाची बोटं पुसून काढा, बाहेरच्या लोखंडावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल वापरू नका, ते २४-२५ अंशांखाली गोठतं आणि जुनं झालं की चिकट होऊन धूळ धरतं. कोणतंही तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे नळीच्या मागच्या भोकातून आत मारू नका. पिस्टनच्या दाबाने ते आत पेटतं, मोठा बार होतो आणि स्प्रिंग तुटते. रेक्झिनच्या किंवा फोमच्या बंद पेटीत पावसाळाभर रायफल कोंडली तर ओल आत अडकते, त्यापेक्षा सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात उभी ठेवा. कपाटाला कुलूप आणि किल्ली पोरांच्या हाती न लागेल अशी. छर्रे शिशाचे असतात, हाताळल्यावर साबणाने हात धुवून मगच जेवायला बसा.

नारळीपौर्णिमेला, तुळशीच्या लग्नानंतर आणि मृग सुरू होण्याआधी नेलपॉलिशच्या रेघा पाहा, चापाचं वजन पुन्हा काढा आणि तीन गट झाडून पहिल्या कागदाशेजारी ठेवा. इतकं करूनही गट फुटत असतील तर दोष रायफलीत शोधणं थांबवा आणि तुमचं धरणं एखाद्या प्रशिक्षकाला दाखवा. रायगडातल्या वाचकाला हे जवळ आहे. २००४ साली आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवणाऱ्या सुमा शिरूर यांची लक्ष्य शूटिंग क्लब ही संस्था पनवेललाच आहे. जाताना तारखा घातलेले ते सगळे कागद बरोबर न्या, भोकं कोणत्या दिशेला पसरतात ते पाहून प्रशिक्षक पुष्कळ काही ओळखतो.